आधी चालायचं

टोकावड्याच्या पुढे, कापणी झालेल्या खाचरांच्या बांधावरून
मी कवडीला चालवतो. नुसतं चालवतो.
पाठीवर खोगीर, खोगिरात कुणी नाही.

बाजाराला निघालेली माणसं थांबतात.
"घोडी असून पायी का रं?"
घोडी आहे म्हणूनच, मी म्हणतो.
ती हसतात. हसू देत.

चार वर्षांची आहे. दात बदलतायत अजून.
तोंडात लोखंड गेलं की जीभ काढते,
पोर औषध थुंकतं तशी.
ट्रकला घाबरत नाही. गवतावर वाळत घातलेल्या
निळ्या ताडपत्रीला घाबरते.
मग आम्ही ताडपत्रीपाशी उभे राहतो,
ताडपत्रीचा कंटाळा येईपर्यंत.

दम लवकर येतो.
तीन महिन्यांत छाती भरते, नाडी खाली बसते,
जनावर स्वतःच म्हणायला लागतं, चल.
शिरा मागून तयार होतात, वर्षभराने.
आणि हाड सगळ्यात शेवटी,
रुसलेल्या आत्यासारखं, आपल्या वेळेने.
तिच्यावाचून अक्षता टाकल्या
तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

मिसाळसाहेबांचा फोन, घोडबंदर रोडवरून, मागे हॉर्न.
"जानेवारीत चाळीस किलोमीटर आहे. नाव देतो."
वीसचं द्या, मी म्हणालो.
"अरे, तुरा तर चौथ्या वर्षी साठ धावला होता!"

धावला होता. पहिला आला होता.
कप वाशीच्या ऑफिसात आहे, त्यात पेनं ठेवतात.
तुरा सरळगावला, वीटभट्टीच्या मागे,
पुढचा उजवा पाय टेकला की मान वर उचलतो.
त्याच्यावर मी होतो.
बावीस वर्षांचा. माझीही हाडं भरायची होती,
पण मला कुणी अर्ध्यात उतरवलं नाही.

जानेवारी. वीस किलोमीटर, बहुतेक दुडकी,
उतारावर मी खाली उतरून तिच्या बाजूने.
डॉक्टर आगाशेबाईंनी कोपरामागे नळी लावली,
डोळे मिटून मोजलं.
"अठ्ठेचाळीस. अहो, हिला अजून वीस सहज जमतील."

माहीत आहे.

दुसऱ्या फेरीचे घोडे धूळ उडवत निघाले
तशी कवडीने माती उकरली, खिंकाळली,
सगळं अंग त्या धुळीकडे.
मी तंग सैल केला.
ते माझ्या हाताला जड गेलं, खोटं कशाला बोलू.

चिंचेखाली तिच्या मानेवर पाणी फिरवलं.
मग एकेक पाय, गुडघ्यापासून खाली,
तळहाताने, हळूहळू.
पहिला थंड. दुसरा.
तिसऱ्याला लाथ झाडली, म्हणून पुन्हा पाहिला, थंड.
चौथ्यावर वाकलो होतो तेव्हा
तिने माझ्या पाठीवरचा सतरा नंबरचा कागद
ओढून फाडला
आणि शांतपणे चावत बसली.