हदा

खानापुरात पहिल्या सकाळी चन्नाप्पा मास्तरांनी
माझ्या तळहातावर मातीचा गोळा ठेवला.
म्हणाले, "हदा बंत, नोड."
मला ऐकू आलं, हद्द.
आमच्याकडे तो शब्द जरा लवकरच ऐकू येतो.
बसच्या पाटीवर फासलेलं डांबर,
बंदच्या दिवशी अर्ध्यावर उतरलेलं शटर
एवढं सगळं आठवून झाल्यावर
मी उगाच मान डोलावली.

मास्तरांनी गोळ्यात अंगठा रुतवला.
कड फाटली नाही, अंगठ्याला काही चिकटलं नाही.
"हे. ह्याला हदा म्हणतात."
ओलीही नाही, सुकीही नाही,
सांगितलं तर ऐकेल अशी माती.

सहा आठवडे मी तेवढंच शोधत होते.
दोन पट्ट्यांच्या मध्ये लाटायची, भाकरीहून जाड,
सुरीनं चौकोन कापायचे.
मध्ये वाळवतं ठेवून चहाला गेले
तर परत येईपर्यंत चारी कोपरे उचललेले,
जणू टाइललाही कुठंतरी निघायचं होतं.
मग वर विटा ठेवायच्या, फडकं झाकायचं,
आणि चहा इथंच मागवायचा.

बारा टाइलांवर मी द्रुपदामावशी कोरली.
कौलांच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर ओली कौलं.
तीच पुन्हा वेगळी घडवली, वीतभर उंच, पोकळ.
भरीव ठेवली असती तर भट्टीत फुटली असती;
पहिली तशीच फुटली.
नुसती चुंबळ सापडली, राखेत, शाबूत.

हात जोडताना दोन्हीकडं ओरखडे काढायचे,
मध्ये पातळ गाळ लावायचा,
मग दाबून थोडं हलवायचं.
गुळगुळीत कड गुळगुळीत कडेला धरत नाही.
हे मास्तरांनी कानडीत सांगितलं,
मी वहीत मराठीत लिहिलं,
आणि हात निखळायचा तो त्यानंतरही दोनदा निखळला.

टाइलांच्या पाठीवर मी आकडे घातले होते, एक ते बारा.
भट्टी लावताना दस्तगीरच्या हातून ते पुसले गेले,
त्यानं आपले घातले, गेरूनं, कानडी.
भाजून आल्यावर मी अंगणात मांडत बसले.
बसचे नंबर वाचता येतात मला,
पण घाईत सातवी तिसरीच्या जागी गेली
आणि मावशीचं पाऊल कारखान्याच्या धुराड्यावर आलं.
दस्तगीर हसला, म्हणाला, "अशीच असू दे की,
एकदा तरी वर चढू दे."
मी दुरुस्त केलं.
रात्री वाटलं, नको होतं करायला.

रविवारी मावशी आली, डब्यात मसालेभात घेऊन.
टाइलांकडं तिनं फारसं पाहिलं नाही.
बाहुली उचलली, "मी एवढी बारकी?"
म्हटलं, माती भाजली की आकसते,
दहात एक भाग जातो.
"दहात एकच?" ती म्हणाली.
"मग बरी राहिलो म्हणायचं मी."

मी वाट बघत होते.
नाक जमलंय का, पदर जमलाय का,
सोमवारी परीक्षकही हेच बघणार.
तिनं बाहुली डाव्या तळहातावर धरली
आणि उजव्या हाताचं बोट मुडपून
स्वतःच्याच डोक्यावर टकटक केली,
एकतीस वर्षं रोज हजार कौलांवर केली तशी,
मान जरा कलती, डोळे दुसरीकडं.
तडा असेल तर आवाज बद येतो.

भट्टीमागं लोंढ्याकडं जाणारी मालगाडी चालली होती.
ती पूर्ण जाईपर्यंत मावशी थांबली.
मग पुन्हा वाजवली.