निवेदन

सोहारच्या बंदरात क्रेनचा दोर तुटला
हे मला साडेतीनला कळलं.
साडेचारपर्यंत मी त्याची घटना केली.

आधी दोर काढायचा,
मग तुटला काढायचं.
मुकादमाने सकाळीच तो झिजलेला दोर
कुणाला तरी दाखवला होता,
ते तर पहिल्या मिनिटालाच जातं.

शाळेत गोगटेबाई सांगायच्या,
भावे प्रयोगात क्रियापद कुणाचंच ऐकत नाही,
ना कर्त्याचं, ना कर्माचं.
तेव्हा आम्ही हसलो होतो.
आता मला त्याचाच पगार मिळतो,
घरभाड्यासकट.

खिडकीबाहेर समुद्र, झाकण ठेवून उकळल्यासारखा.
आत इतका गारठा की कोट शोभतो.
चार माइक. चष्मा. पाण्याची बाटली, लेबल काढलेली.
याकूब बलुशी माझं इंग्रजी अरबीत नेतो,
कागद संपल्यावर माझ्याकडे बघतो:
आणखी काही?
मी कागद दुमडतो.

निवेदनात नऊ वेळा 'आम्ही'.
आम्हाला दुःख आहे, आम्ही सहकार्य करत आहोत.
शेवटी एक ओळ नेहमीची:
कुटुंबाला कळवण्यात येत आहे.

रात्री अकराला फोन. बाणकोटहून.
"मी सफूरा, लतीफ परकारची बायको.
तुम्हाला मोबाइलवर बघितलं, इंग्रजी काय कळलं नाही.
पोरं म्हणाली, बोलणारा मराठी आहे,
म्हणून नंबर काढला.
त्यांचा फोन लागत नाही दुपारपासून.
बंदरात काय झालंय म्हणतात, तो
आपल्यातला कुणी नाही ना?"

आपल्यातला.

इंग्रजीत एकाच शब्दात सगळे मावतात,
कोण आत, कोण बाहेर, विचारावं लागत नाही.
मराठीत तिथे उंबरठा आहे.
आपण म्हटलं की समोरचा आत आला,
आम्ही म्हटलं की राहिला अंगणात.
अठरा वर्षं मी या गावात
दोन भाषांत बोलतोय, आणि ही अडचण
कधी आली नव्हती.

तिच्या मागे पंखा कुरकुरत होता.
एक पोर पाणी मागत होतं, पुन्हा पुन्हा,
तिने हाताने गप्प केलं असावं.

"आम्ही," मी म्हणालो,
"आम्ही चौकशी करून कळवतो."

"बरं," ती म्हणाली. "उपकार झाले."

त्यानंतर फोन ठेवण्यात आला.

नाही.
मी ठेवला.