तारण

कोचाबांबाला, बँकेच्या चार नंबरच्या खिडकीत,
मी विचारलं होतं डोन्या सेनोबियाला:
तारण काय?
तिनं पिशवीतून ओगराळं काढलं.
शेंगदाण्याचं सूप, एकवीस वर्षं, दांडा दोनदा बदललेला.
मी रकाना कोरा सोडला,
‘नामंजूर’ लिहून सही केली.

इथे भिशीला पासानाकू म्हणतात.
बाराजणी, चिठ्ठ्या टोपीत.
सेनोबियाची आली अकरावी.
बटाटे विकणाऱ्या हुस्ताची पहिली;
तिनं चिठ्ठी बदलून घेतली, म्हणाली,
माझं छप्पर गळतंय ते गळतंयच,
तू भिंत पाड.

भिंत पडली. चार टेबलं वाढली.
दुपारी मीही तिथेच जातो,
दुसरीकडे सूप पाणचट असतं.
माझं टेबल डुगडुगतं,
एका पायाखाली कागदाची घडी सरकवलेली.
परवा चमचा पडला म्हणून वाकलो,
घडीवर शिक्का ओळखीचा,
सही माझी.

वर आलो तर ती वाढायला उभी.
“अजून घालू?”
मी नको म्हणेपर्यंत वाटी भरली होती.

सुट्टे नव्हते माझ्याकडे.
“वहीत मांडते,” म्हणाली,
आणि पेन्सिल शोधत
आत गेली.