सोमवारी घारापुरी बंद

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर
आखले अक्काचे तीन दिवस.
जहाज बुधवारी, बॅलार्ड पिअरहून,
बोर्डिंग दोन ते चार.
ती भुसावळहून येणार रविवारी पहाटे.

तिकिटं भाऊजींनी काढलेली. दोन.
लक्षद्वीप, खिडकीची खोली.
दहाव्यानंतर कपाट आवरताना पाकीट सापडलं.
पैसे परत मिळत नाहीत रे, म्हणाली फोनवर,
जणू पैशांचंच बोलत होती.
मग म्हणाली, तुझ्या आधार कार्डाचा फोटो पाठव
आणि चपलेचा नंबर.
पाठवले. थोरल्या बहिणीला कारण विचारायची
आमच्यात पद्धत नाही.

रविवार: विश्रांती. उन्हं उतरल्यावर बाणगंगा,
पायऱ्या कमी आहेत त्या बाजूने.
सोमवार: घारापुरी. खोडलं. सोमवारी बंद.
सोमवार: ससून डॉक, पहाटे पाच,
जुनं लुगडं नेसणे, पदर नाकाला.
मग इराण्याकडे ब्रून मस्का, तिला तो चावेल का?
दातांचं विचारायचं राहिलं.
मंगळवार: घारापुरी. अष्टमी आहे, भांगाचं पाणी,
लाँच फारशी डुलणार नाही.
येताना शिवडीला रोहित पक्षी, ओहोटी सरता सरता.

ओहोटीच्या वेळा अजून पाठ आहेत.
चौतीस वर्षं टॅली क्लार्क होतो गोदीत.
भरती आल्याशिवाय फाटक उघडत नसे.
साखरेची पोती, खजुराच्या पेट्या, एकदा सर्कशीचे घोडे,
सगळं चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी.
जहाजावर चढलो हजारदा,
पण जहाज हललं की मी धक्क्यावर.

अक्काने कागद वाचला, हात लांब धरून.
अक्षर अजून छान आहे तुझं, म्हणाली,
आणि घडी घालून बटव्यात ठेवला.
रविवारी झोपली. दुपारीही. रात्रीही.
मी बाणगंगेसाठी चप्पल घालून बसलेलो.

सोमवारी म्हणाली, तू काम करायचास ते दाखव.
ऑरेंज गेटच्या जवानाने पास मागितला.
माझा तर कधीच जमा झाला.
मग आम्ही भिंतीकडेने चालत राहिलो,
डिमेलो रोडवरून, ट्रकांची धूळ खात,
आणि मी भिंतीला दाखवत गेलो:
ही चौदा नंबरची शेड.
इथे माझं स्टूल, मागे पत्रा, मेमध्ये तापायचा.
इथे एका खलाशाने मला संत्रं दिलेलं,
नाव विचारलं नाही, ना त्याने ना मी.
अक्का भिंत बघत होती
अजिंठ्याला बघावी तशी.
एका ठिकाणी तर हात लावून.

यांनी तुझं नाव धरलं होतं आधी, म्हणाली.
म्हणाले, त्याला ने, मला पाण्याचा कंटाळा येतो.
मीच भांडून त्यांचं घालायला लावलं.
ट्रक गेला. पुढचं ऐकू आलं नाही.
पुन्हा सांग म्हटलं नाही मी.

मंगळवारी कुठेच गेलो नाही.
घारापुरी उघडी होती.
तिने मेथीचे ठेपले केले, चार दिवसांचे,
कुणासाठी एवढे, म्हटलं,
तर पिशवीतून काढल्या चपला,
रबरी तळाच्या, डेकवर घसरू नयेत म्हणून,
आठ नंबर.

बुधवारी दोन वाजता रांगेत.
काउंटरवरच्या मुलीने कार्ड बघितलं, मला बघितलं,
कार्डावर मी जरा बरा होतो.
हमाल सामानाला चिठ्ठ्या लावत होता, मोजत नव्हता.
मी मोजलं. सवय.
तिची बॅग, ठेपल्यांचा डबा,
माझी जुनी रेक्झिनची पेटी, भाऊजींची छत्री
(का आणली, ते मी तिला विचारलं नाही).
चार उभ्या.
खिशातलं पेन हातात घेतलं
तेवढ्यात अक्का वरून ओरडली,
ये की रे, काय लिहितोयस तिथे,
भरती उतरेल.

भरतीचं तिला काय कळतं.
तासभर होता अजून.