बाटली भरताना

बर्फाला भोक पाडायला पाविआ लागतो.
गिरमिटाची घरघर थांबली की
तो गुडघे टेकतो, झाऱ्यानं बर्फाचा चुरा काढतो
आणि त्या काळ्या पाण्याकडे असं बघतो
जणू त्याचं काही येणं आहे तिथे.

एप्रिल. डिस्को उपसागर. उणे सतरा.
कुत्री वाऱ्याला पाठ देऊन गोल झालीत.

मी त्याची मुलगी. स्टेशनात बाटल्या धुते,
गाळणकागदांवर तारखा घालते,
डेन्मार्कहून आलेल्या मेरेतेबाईंच्या वहीत आकडे उतरवते.
पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं:
बाटली भरताना तोंड फिरवा, श्वास रोखा.
तुमच्या एका उच्छ्वासानं
अख्खा उपसागर खोटा ठरेल.

मला वीस मोजेपर्यंतही जमत नाही, ठसका लागतो.
पाविआला कोण शिकवणार!
अशाच भोकाशी, असाच ओणवा,
उमेदीची सगळी वर्षं त्यानं हेच केलं:
सील वर येऊन श्वास घेईल
त्या एका क्षणासाठी
स्वतःचा गिळत राहिला.
आता हातात बंदूक नाही, रबरी नळी.
पाणी काठोकाठ येतं, सांडतं,
बुडबुडा नको,
बूच बसतं.
मग तो श्वास सोडतो. मिशीवर लगेच पांढरं.

"काय धरलं?" तो दर वेळी विचारतो.
मी त्याला कापलेल्या बर्फाचा बुडखा दाखवते.
खालच्या अंगाला तपकिरी डाग,
न विसळलेल्या कपातल्या चहासारखा.
तो म्हणतो, हा मळका बर्फ.
वितळवून कुत्र्यांनाही पाजत नाही आम्ही.

एकदा त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.
चष्मा काढ, घाल, काढ.
मग बराच वेळ गप्प.
काचेचे करंडे, झाकणावर झाकण,
आत सोनेरी काहीतरी ठेवलेलं.
हे उजेड खातात, मी सांगितलं,
आणि पाण्यात विरघळलेला धूर;
जगभरच्या चुलींचा, जहाजांचा,
आपल्या मोटारबोटीचाही.
पाणी रिकामं झालं की हवेतून आणखी ओढतं.

"आणि वर हे झाकण?" त्यानं हातानं बर्फ दाखवला.
झाकण फुटेपर्यंत समुद्र भुकेला, मी म्हटलं.
"मग पुढे?"
पुढे तांदळाएवढे लाल किडे करंडे फोडून खातात,
पाठीत तेलाचा थेंब साठवतात
आणि उन्हाळा सरताना खोल अंधारात उतरतात, निजायला.
तिथे ते तो थेंब हळूहळू जाळतात.
त्यांचाही धूर होतोच, पण खूप खाली,
वर यायला त्याला पिढ्या लागतील.
"आणि बाकीचं?"
बाकीचं वाटेत कुणी ना कुणी खातं
आणि श्वास सोडतं.
तळाशी किती पोचतं?
मेरेतेबाई चिमूट दाखवतात. मग चिमूट आणखी आवळतात.

ज्या वर्षी बर्फ धरलाच नाही
त्या वर्षी पाविआ खिडकीशी बसून होता,
लगाम शिवत, उसवत.
करंडे लवकर फुलले, लवकर बुडाले.
लाल किडे वर आले तेव्हा
पंगत उठून गेलेली.
वहीत त्या पानांवर माझं अक्षर नाही,
भोकच नव्हतं, पाणी कुठून काढणार?

परवा नऊ नंबरची बाटली चुकली.
आकडा भलताच वर.
मेरेतेबाईंनी पेन टेकवलं, खोडायच्या बेतात.
"कुणी श्वास सोडला?"
मी पाविआकडे पाहिलं.
तो टोपी हातात फिरवत होता.

"मी नाही सोडला," तो म्हणाला.
"तो आला होता.
अगदी नळीजवळ. मिशांना पाणी लागलेलं.
माझ्या तोंडावर फुस्स करून गेला."

बंदूक?
"स्लेजवर होती."
अजून काही सांगेल म्हणून आम्ही थांबलो.
त्यानं फक्त टोपी घातली.

मेरेतेबाईंनी आकडा खोडला नाही.
शेवटच्या रकान्यात, जिथे वाऱ्याची दिशा लिहितात,
तिथे त्यांनी मला लिहायला सांगितलं:
सील.
मी लिहिलं, वेळेसकट.