मीठ तेच

रात्री रोडगे, वांग्याची भाजी,
वरून ठेचा. पहाटेपर्यंत
छातीत तुराट्या पेटलेल्या.

भिवापूरच्या मेडिकलात सरोदेभाऊनं
दोन पत्ते ठेवले काउंटरवर :
एक चमकता, टीव्हीतल्या नावाचा,
दुसरा जनरिक. पांढरा, मुका.
'सॉल्ट एकच हाय, काकू.'

सॉल्ट म्हणजे मीठ, एवढं मले येते.
चष्मा चढवून मागचं बारीक वाचलं,
आकडा जुळला.
मीठ तेच, तर भाजी काहून बदलन?

तरी हात चमकत्याकडे गेलाच होता
जरासा.

घरी येईस्तोवर जाळ विझत आला.
वाचले बावन्न रुपये;
त्याची बाजारातून मिरची आणली,
लाल, देठासकट.

मेडिकल बुधवारी बंद राह्यते,
हेही विचारून ठेवलं.