एकाहत्तर सेंटिमीटरपासून पुढे

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा
एकाहत्तर सेंटिमीटरपासून सुरू होतात.
त्याखाली नुसता रंग,
आधीच्या भाडेकरूने दिलेला, फिकट पिस्ता.

आता ती चौऱ्याऐंशी भरते,
टाचा उचलून शहाऐंशी.
"टाचा खाली, शाल्मली,"
की ती चवडे उचलते आणि पडते.

वृषालीची वाशीला सकाळची ड्यूटी,
म्हणून वेणी माझ्याकडे.
वेणी कसली, दोन रबरबँड आणि एक करार:
मी ओढायचं नाही, तिने पळायचं नाही.
दोघंही मोडतो.

आज उशीच्या खोळीत पुन्हा पोळीचा तुकडा,
कालचा, पापडासारखा कडक.
पहिल्या महिन्यात असे चौदा सापडले होते,
एक तर माझ्या चष्म्याच्या डबीत.
मी तो लगेच टाकत नाही.
पोळ्यांचा डबा खाली आणतो,
झाकण उघडून दाखवतो, लावतो, पुन्हा उघडतो.
आहे.
संध्याकाळीही आहे.
ती हात घालून मोजते: एक, दोन, पाच.

डॉक्टरांच्या फॉर्मवर विचारतात
जन्मावेळचं वजन,
घरात कुणाला दमा, कुणाला मधुमेह.
आधी मी "माहीत नाही" असं पूर्ण लिहायचो,
सुवाच्य अक्षरात, परीक्षेत लिहावं तसं.
आता आडवी रेघ मारतो
आणि फिशटँकला चिकटलेलं तिचं नाक
सोडवायला जातो.

त्या नाकाची चौकशी मथुराबाईंनीही केली.
करावे गावातून टोपली घेऊन येतात,
जिन्यात टेकतात.
"नाक कोनाचा रं हिचा?"
"तिचंच."
"मंग बरा. बोयीचं काटं नीट कार, भरवताना."
आणि दोन मासे जास्त टाकले,
पैसे मात्र दोन्हींचे घेतले.

कट्ट्यावर प्रत्येकाचं गाव दुसरीकडे,
कुणाचं चाळीसगाव, कुणाचं थेट कोल्लम,
आमचं विटा, दिवाळीपुरतं.
हिचं मात्र नेरूळ, सेक्टर अठ्ठावीस:
घसरगुंडी, पाण्याची टाकी
आणि टाकीमागची सगळी मांजरं.

झोपताना ती स्वतःच स्वतःला थोपटते.
तळहात छातीवर,
थप, थप, जरा थांबून, थप.
एका खोलीत अकरा पाळणे, दोन मावश्या,
हात कुठवर पुरणार,
तेव्हाच कधीतरी शिकली असेल.
मी हात पुढे केला की बाजूला सारते,
रागाने नाही,
कामात कुणी मध्ये येऊ नये तसा.
मी तो तिच्या उशीजवळ ठेवून देतो.
मुंग्या येतात. ठेवतो.

संस्थेत तिला मिनू म्हणायचे.
शाल्मली आम्ही ठेवलं,
आधी कोर्टाच्या कागदावर, मग केकवर.
सुरुवातीला समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू
चौथ्या मजल्यावरून नातीला हाक मारायच्या,
"मिनूऽऽ, वर ये गं,"
आणि हिची मान झटकन वळायची.
मी घाईघाईने कावळा दाखवायचो.
कावळा नसला तरी.

काल संध्याकाळी तीच हाक आली.
ही चपलेत वाळू भरत होती,
ओतत होती, पुन्हा भरत होती.
मान हलली नाही.

वळून पाहिलं ते मीच.
आणि जिन्याच्या तोंडाशी बघत राहिलो,
तिथून कुणी पळत येईल असं वाटून,
पेन्सिलीच्या पहिल्या रेघेपेक्षाही बुटकं कुणी.

"बाबा, पाय."
वाळू झटकली, चप्पल चढवली.
टाच बाहेर आली.